‘मला वाटलं होतं…’ हे इंग्रजीत सांगताना नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही ऐरोलीतल्या कंपनीत आहात आणि क्लायंट इंग्लंडमधला आहे. तो त्या दिवशी सुट्टीवर आहे असं तुम्ही धरून चालला होतात आणि अचानक त्याचा मेसेज आला. तुम्ही लिहिलंत, ‘आय हॅड थॉट दॅट यू आर ऑन लीव्ह टुडे.’ त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘आय अ‍ॅम!’ पुढे फाइल आली नाही म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘आय थॉट यू विल सेंड द फाइल.’ त्यावर तो म्हणाला, ‘सॉरी, आय शुड हॅव मेन्शन्ड इट, माय कलीग इज सेंडिंग इट.’ आता तो चिडलाय की काय, ही धाकधूक तुम्हाला आहे. आणि मराठीत आपण ‘वाटलं होतं’ म्हणतो म्हणून ‘हॅड’ लावला, ते बरोबर की चूक, हा मूळ प्रश्न.

मी ठाण्याच्या नौपाड्यात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते आणि नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत जाऊनही शिकवते. ‘हॅड लावू की नको’ हा प्रश्न बॅचागणिक येतो. पण ‘हॅड’ ही त्यातली किरकोळ बाब आहे. समोरच्याला तुमच्या वाक्यातून दोन गोष्टी कळायला हव्या असतात: तुमचा अंदाज खरा ठरला की खोटा, आणि खोटा ठरला असेल तर तुम्ही त्याचा दोष कोणाला देताय. मराठीत हे आपण ‘च’, ‘तर’, ‘ना’, ‘होय’ अशा चिमुकल्या शब्दांवर आणि सुरावर भागवतो. इंग्रजीत ते काम क्रियापदाचा काळ आणि शब्दावरचा जोर करतात. त्यामुळे आपलं वाक्य व्याकरणात थोडंसंच चुकलेलं दिसतं, पण अर्थाच्या बाबतीत ऐकणाऱ्याचा मोठा गोंधळ होतो.

तुमचं पहिलं वाक्य घ्या. मराठीत आपण म्हणतो, ‘मला वाटलं तू सुट्टीवर आहेस.’ ‘वाटलं’ भूतकाळात, ‘आहेस’ वर्तमानात. आपल्या भाषेत मनात आलेला विचार जसाच्या तसा ठेवायची पद्धत आहे, जणू त्या क्षणी डोक्यात उमटलेलं वाक्यच उचलून ठेवलंय. इंग्रजीत तो विचारही भूतकाळात ढकलावा लागतो: ‘आय थॉट यू वेअर ऑन लीव्ह.’ डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी याला ‘बॅकशिफ्टिंग’ म्हटलं, म्हणजे काळ एक घर मागे सरकवणं. शाळेत हे आपण ‘इनडायरेक्ट स्पीच’ या धड्यात गुणांपुरतं शिकलो आणि तिथेच सोडून आलो. बोलताना त्याची खरी गरज असते ती इथे.

कारण ‘यू आर ऑन लीव्ह’ म्हटलं की इंग्रजी कानाला ते आत्ताचं विधान वाटतं: तुम्ही सुट्टीवर आहात, हे मला माहीत आहे. म्हणून त्याने ‘आय अ‍ॅम!’ म्हटलं. तो खरोखरच सुट्टीवर असणार, फक्त मेसेज बघत होता. ‘यू वेअर’ लिहिलं असतं तर ‘अरे, तुम्ही कामावर? मला वाटलं सुट्टी आहे’ हे आश्चर्य त्याच्यापर्यंत पोचलं असतं आणि त्याने बहुधा खुलासा केला असता.

मागे सरकवण्याचे टप्पे तीनच आहेत. मनातला विचार ‘तो पुण्यात आहे’ असा असेल तर ‘आय थॉट ही वॉज इन पुणे.’ ‘तो पुण्याला गेला’ असा असेल तर ‘आय थॉट ही हॅड गॉन टू पुणे.’ ‘तो जाईल’ असा असेल तर ‘आय थॉट ही वुड गो.’ म्हणजे तुमच्या फाइलच्या वाक्यात ‘विल’च्या जागी ‘वुड’ हवा होता.

आता यातली एक खाच. बोलताना हे ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोन्ही आखडून नुसता ‘ड’ उरतो. ‘आय थॉट यूड लेफ्ट’ आणि ‘आय थॉट यूड लीव्ह’ ही दोन वाक्यं आमच्या वर्गात मी मुद्दाम भरभर म्हणून दाखवते. पहिल्यात ‘तू गेलास असं वाटलं’, दुसऱ्यात ‘तू जाशील असं वाटलं’. त्या ‘ड’वरून काहीही कळत नाही, कळतं ते पुढच्या क्रियापदावरून. पण ‘कम’ आणि ‘पुट’ यांची रूपं दोन्हीकडे सारखीच असतात. त्यामुळे ‘आय थॉट यूड कम’ ऐकलं तर ‘तू आलायस असं वाटलं’ की ‘तू येशील असं वाटलं’, हे इंग्रजालाही संदर्भावरूनच लावावं लागतं. कॉलवर असं काही कानावर पडलं आणि कळलं नाही, तर तो तुमच्या इंग्रजीचा कमकुवतपणा नाही. सरळ विचारा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गोष्ट आजही खरी असते तेव्हा. वर्गातल्या एका मुलीला परदेशी सहकारी म्हणाला, ‘आय डिडन्ट नो यू स्पोक मराठी.’ तिने बाणेदारपणे उत्तर दिलं, ‘आय स्टिल स्पीक मराठी!’ तिला वाटलं, तो ‘तू पूर्वी मराठी बोलायचीस’ म्हणतोय. त्याला म्हणायचं होतं, ‘तुला मराठी येतं हे मला माहीतच नव्हतं!’ ‘डिडन्ट नो’च्या ओढीने ‘स्पीक’चं ‘स्पोक’ झालं, एवढंच. असंच ‘आय फरगॉट यू वेअर व्हेजिटेरियन’ हे वाक्य. माणूस आजही शाकाहारीच आहे, समोर ठेवलेली कोळंबी तो खाणार नाहीये, तरी ‘वेअर’. ‘आय थॉट ठाणे वॉज पार्ट ऑफ मुंबई’ असं कोणी म्हटलं तर ठाणेकराने त्याला जरूर फैलावर घ्यावं, पण ‘वॉज’साठी नको. ‘वॉज’ तिथे अगदी बरोबर आहे.

याहून चमत्कारिक म्हणजे या भूतकाळाबरोबर ‘उद्या’सुद्धा चालतो. पाहुणे एक दिवस आधीच दारात उभे आहेत. मराठीत आपण म्हणतो, ‘तुम्ही तर उद्या येणार होतात ना?’ इंग्रजीत: ‘आय थॉट यू वेअर कमिंग टुमॉरो.’ किंवा नकारार्थी प्रश्न करून, ‘वेअरन्ट यू कमिंग टुमॉरो?’ आपलं ‘येणार होतात’ आणि त्यांचं ‘वेअर कमिंग’ किंवा ‘वेअर गोइंग टू कम’ हे इतकं जुळतं की इथे मराठीतून विचार केलात तरी बिघडत नाही. नकाराचंही तसंच. ‘तू येशील असं वाटलं नव्हतं’ यात आपण नकार ‘वाटलं’ला जोडतो, इंग्रजीही तेच करते: ‘आय डिडन्ट थिंक यूड कम.’ पण वर्गात मात्र ‘आय थॉट यू विल नॉट कम’ असं ऐकू येतं. इंग्रजी म्हणजे वेगळंच काहीतरी असणार, या धास्तीने लोक मराठीतली सरळ वाट सोडतात.

आता तुमचा ‘हॅड’. मराठीतल्या ‘वाटलं’ आणि ‘वाटलं होतं’ या दोन्हींना इंग्रजीत दहातल्या नऊ वेळा साधा ‘थॉट’ पुरतो. ‘आय हॅड थॉट’ चूक नाही, पण त्यात वजन येतं. विचार करून बांधलेला अंदाज होता आणि तो ढासळला, असा काहीसा लेखी, किंचित खंतावलेला सूर. चॅटवर सकाळी अकराला एवढं गंभीर व्हायचं कारण नाही. ‘हॅड’ खुलतो तो आशा, बेत, अपेक्षा यांच्याबरोबर. ‘आय हॅड होप्ड टू फिनिश इट बाय फ्रायडे’ म्हटलं की काम झालेलं नाही, हे वेगळं सांगावंच लागत नाही. ‘आय हॅड इन्टेन्डेड टू कॉल यू’ म्हणजे फोन केलेला नाही.

जोर कुठे द्यायचा, याकडे मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देते, आणि पुस्तकातून हे शिकता येत नाही. घरात शिरल्याशिरल्या वास आला, स्वयंपाकघरात गेलात, तर गॅसचं बटण अर्धवट सुरू. तुम्ही म्हणता, ‘मला वाटलंच!’ इंग्रजीत: ‘आय थॉट आय स्मेल्ट गॅस.’ पूर्ण भार ‘थॉट’वर आणि आवाज तिथून खाली उतरतो. अंदाज खरा ठरला. आता दुसरं दृश्य: मॉलमधून गाडी काढताना खिडकीतून पावती पुढे आली. ‘आय थॉट पार्किंग वॉज फ्री!’ इथे भार ‘फ्री’वर आणि आवाज वर उचललेला. अंदाज फसला. शब्दांची ठेवण एकच, निकाल उलटे. आपल्याकडे हे काम ‘च’ करतो. ‘मला वाटलं’ म्हणजे फसलो, ‘मला वाटलंच’ म्हणजे बरोबर ओळखलं. म्हणून मी मुलांना एक खूण दिली आहे: मराठी वाक्यात ‘च’ येत असेल तर ‘थॉट’वर जोर द्या, नाहीतर सरळ ‘आय न्यू इट’ म्हणा. मात्र ‘न्यू’ अंदाज खरा ठरल्यावरच शोभतो. ‘आय न्यू यू वुड कम’ हे येऊन बसलेल्या माणसाला म्हणायचं, न आलेल्याला नाही.

ही खूण सगळीकडे लागू पडेल असं मात्र नाही. ‘थॉट’वर जोर देऊन शेवटी आवाज लोंबता, वर चढता ठेवला, तर ‘मला आपलं वाटलं होतं, पण आता खात्री नाही’ असा अर्थ निघतो. आणि चॅटवर तर सूरच नसतो. म्हणून लिहिताना निकाल शब्दांत सांगून टाका: ‘आय थॉट यू वेअर ऑन लीव्ह. ग्लॅड टू कॅच यू!’ किंवा ‘…बट आय सी यू आर वर्किंग.’

तुर्की भाषेत क्रियापदाला ‘मिश’ असा प्रत्यय लागतो. ऐकीव गोष्ट, खुणांवरून काढलेला तर्क आणि अनपेक्षित गोष्ट पाहून झालेलं आश्चर्य, या सगळ्यांना तो चालतो. इंग्रजीत तसं तयार रूप नाही. म्हणून ‘आय थॉट’, ‘सो’, ‘आफ्टर ऑल’, ‘टर्न्स आउट’ असे तुकडे जोडून आश्चर्य उभं करावं लागतं. ‘म्हणजे तू डॉक्टर आहेस होय!’ याला ‘सो यू आर अ डॉक्टर!’ ‘शेवटी आलासच तर!’ याला ‘सो यू केम आफ्टर ऑल!’ इथे ‘फायनली’ म्हटलंत तर ‘आलात बाबा एकदाचे’ असा वैताग उमटतो, आणि ‘अ‍ॅट लास्ट’ म्हटलंत तर सुटकेचा निःश्वास. मराठीतल्या एका ‘शेवटी’चे असे तीन वाटेकरी आहेत. ‘टर्न्स आउट’ म्हणजे आपलं ‘निघालं’: ‘टर्न्स आउट शी लिव्ह्ज इन माय बिल्डिंग.’ आणि वाशी स्टेशनवर शाळेतला मित्र भेटला तर, ‘आय मेट हिम अ‍ॅट वाशी स्टेशन, ऑफ ऑल प्लेसेस.’ यांवर आणखी वेळ घालवायची गरज नाही, ऐकून ऐकून जमतात.

दोषाचं मात्र सावकाश बघू, कारण तुमची दुसरी शंका तिथलीच आहे. घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीतला प्रसंग घ्या. टँकर आठला यायचा होता, साडेनऊ झाले. ‘द टँकर वॉज सपोज्ड टू कम अ‍ॅट एट.’ म्हणजे तसं ठरलं होतं आणि ते झालं नाही. चूक कोणाची हे वाक्य सांगत नाही. ‘द टँकर वॉज गोइंग टू कम अ‍ॅट एट’ म्हटलं तर नुसता बेत होता, तो बदलला असावा. ‘यू शुड हॅव कॉल्ड द टँकर अर्लियर’ म्हटलं की बोट थेट सेक्रेटरीकडे गेलं. आणि ‘इट शुड बी हिअर बाय नाऊ’ यात दोष अजिबात नाही, तो हिशेब आहे: एव्हाना यायला हवा. मराठीत ‘यायला हवा होता’ हे ठपक्यालाही चालतं आणि हिशेबालाही, म्हणून आपण ‘शुड हॅव’ बेधडक वापरतो आणि समोरच्याला नुसता ठपका ऐकू जातो. क्लायंटशी बोलताना ‘यू शुड हॅव’ जिभेवर आलं की गिळून टाका.

‘सपोज्ड टू’ची सवय नवी मुंबईकरांना वेगळी लावायला नको. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी प्रवाशांसाठी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. मधल्या काळात ‘इट वॉज सपोज्ड टू ओपन इयर्स अगो’ हे वाक्य वर्गात कोणी ना कोणी बोलायचंच. उच्चार करताना ‘सपोज्ड टू’ असं तोडू नका, ‘सपोस्टू’ असं एकत्र येऊ द्या. वर्तमानकाळात मात्र याच शब्दांचा अर्थ पालटतो. ‘मामलेदारची मिसळ इज सपोज्ड टू बी व्हेरी स्पायसी’ म्हणजे ‘फार तिखट असते म्हणे.’ तिथे काही बिनसलेलं नाही, फक्त मी ती अजून खाल्लेली नाही.

‘एक्स्पेक्ट’ जपून वापरा. दारात अचानक कोणी आलं तर ‘आय वॉजन्ट एक्स्पेक्टिंग यू टुडे’ हे हसतमुखाने म्हणता येतं. ‘आय डिडन्ट एक्स्पेक्ट यू टू कम’ यात मात्र ‘तू येशील अशी अपेक्षाच नव्हती’ असा टोमणा ऐकू येऊ शकतो. ‘आय एक्स्पेक्टेड मोअर’ हा तर प्रगतिपुस्तक हातात घेतलेल्या बाईंचा आवाज झाला. आणि पुढे काही न जोडता ‘आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग’ म्हटलं तर ऐकणारा पेढ्यांची वाट बघेल, कारण त्याचा अर्थ दिवस गेलेत असा होतो. काही मागायचं असेल तर ‘आय वॉज होपिंग’ सगळ्यात मऊ. ‘आय वॉज होपिंग टू गेट द फाइल टुडे.’ ही आशा भूतकाळात ठेवल्यामुळे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.

एक जोडी कामाची आहे. ‘आय हॅव ऑल्वेज थॉट ही वॉज ऑनेस्ट’ म्हणजे आजही माझं तेच मत आहे. ‘आय ऑल्वेज थॉट ही वॉज ऑनेस्ट’ म्हटलं की खोली शांत होते, कारण पुढे ‘पण’ येणार असं सगळ्यांना वाटतं. एखाद्याची शिफारस करताना हा ‘हॅव’ विसरू नका.

‘आय वुड हॅव थॉट’ ऐकलं तर त्यात भूतकाळ शोधू नका. ‘आय वुड हॅव थॉट द ट्रेन वॉज क्विकर’ असं तुमचा ब्रिटिश क्लायंट म्हणाला, तर तो आत्ता, सभ्यपणे, तुमच्याशी असहमत आहे: ठाण्याहून वाशीला कारने कशाला, ट्रान्स-हार्बरच्या लोकलने लवकर पोचाल की! अमेरिकन माणसाकडून हे कमी ऐकू येईल, तो सरळ ‘वुडन्ट द ट्रेन बी फास्टर?’ असं विचारेल.

तुम्ही कोणाशी बोलताय यावरही बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे ऑफिसात ‘आय वॉज थिंकिंग यू आर कमिंग’ सर्रास चालतं, सगळ्यांना कळतं, आणि रबाळ्याच्या कँटीनमध्ये ते सुधारत बसणारा माणूस लवकरच एकटा जेवायला लागेल. इंग्लंड-अमेरिकेत मात्र ‘आय वॉज थिंकिंग’ म्हटलं की पुढे एखादी सूचना येणार असं वाटतं: ‘आय वॉज थिंकिंग, शाल वुई मूव्ह द कॉल?’ तिथल्या माणसाशी अंदाजाबद्दल बोलताना साधा ‘थॉट’ ठेवा. ‘आय फेल्ट यू वेअर ऑन लीव्ह’ही नको. ‘वाटलं’ आलं की आपल्याला ‘फील’ आठवतो, पण तो भावनेसाठी आणि मतासाठी राखून ठेवा.

मेलमध्ये, त्यातून तीन साहेब कॉपीत असतील तर, ‘आय वॉज अंडर द इम्प्रेशन दॅट द फाइल वुड कम टुडे’ किंवा ‘माय अंडरस्टँडिंग वॉज दॅट…’ असं लिहा. दोन्हींत गैरसमजाची शक्यता तुम्ही स्वतःकडे घेता, त्यामुळे समोरच्याला बचावात उतरावं लागत नाही. फक्त पहिलं वाक्य रागाच्या भरात लिहू नका, थंड आवाजात ते बोचरं होतं.

राहता राहिली तुमच्या क्लायंटची मर्जी. त्याने ‘आय शुड हॅव मेन्शन्ड इट’ म्हटलं. ‘यू’ नाही, ‘आय’. म्हणजे ‘मीच सांगायला हवं होतं’ असं म्हणून त्याने ठपका स्वतःवर घेतला आहे. तो चिडलेला नाही, उलट तुमचं ‘आय थॉट यू विल सेंड’ त्याला थोडं तक्रारीसारखं लागलं असावं म्हणून तो सारवासारव करतोय. यावर लांबलचक खुलासा पाठवू नका. ‘नो प्रॉब्लेम अ‍ॅट ऑल, आय जस्ट वॉन्टेड टू चेक’ एवढं आजच लिहून टाका, आणि फाइल आली की त्याच्या सहकाऱ्याला पोच द्या.